परतीचं टेबल

वूच शहराबाहेरच्या गोदामात
परत आलेले कपडे बोगुमिवा हुंगून बघते.
एका कपड्याला चाळीस सेकंद.
बहुतेकांची गोष्ट एकच:
किमतीचा टॅग बाहीत लपवला,
फोटो काढला, टाकला,
घडी घातली, पैसे परत.
तिला पावडरचा वास कळतो,
आरशासमोरचा घाम कळतो.
'वापरलेला'चं बटण ती
झुरळ मारावं तशी दाबते.

काल एक काळा कोट आला.
बाहीवर मेणाचा थेंब,
खिशात चौघडी कागद:
वितोल्ड, वय एक्केचाळीस,
शनिवारी अकरा वाजता, दफनभूमीचं उत्तरेकडचं फाटक.

पडद्यावरचा आकडा चाळीस झाला,
साठ झाला,
मग लाल.
बोगुमिवा नखानं मेण खरवडत होती.
कागद एप्रनच्या खिशात गेला
आणि बटण दाबलं: 'कोरा'.

सुपरवायझर आला. उशीर कसला?
गुंडी अडकली होती, म्हणाली.

उद्या कुणीतरी फोनसमोर खोकं फोडेल,
कोट अंगावर धरून गिरकी घेईल,
खाली बदामांचा पाऊस.

बोगुमिवा बसची वाट बघत उभी,
नखाखालचं मेण तसंच.

मी शेजारच्याच टेबलावर असते.
विचारलंच कुणी, तर सांगणार आहे,
मला नीट दिसलं नाही.