प्रयोजन

पंचवटी कारंजापासून चालत सात मिनिटं.
बत्तीस खोल्या, एक लिफ्ट, तीही अर्धीमुर्धीच भरवशाची.
कॉलेजातून पत्र आलं, सहा महिन्यांसाठी
इंटर्न पाठवतो आहोत, फ्रंट ऑफिसला, रात्रपाळी चालेल.
नाव नीमा मुशी. गाव मोशी.
मी म्हटलं, आमची मोशी पुण्याजवळ.
ती म्हणाली, आमची किलीमांजारोच्या पायथ्याशी.

पहिल्याच रात्री तिने वही उघडली.
पाहुणा दहा पावलांवर आला की नजरेला नजर,
पाच पावलांवर हसू,
मग, प्रवास कसा झाला?
आमचा पाहुणा पहाटे चारला
अकरा माणसांसकट ट्रॅव्हलरमधून उतरतो
आणि काच ढकलता ढकलताच विचारतो,
गरम पाणी किती वाजेपर्यंत?
तिने हेही लिहून घेतलं.

मक्याचं पीठ तिने दिंडोरी रोडच्या गिरणीत शोधलं.
परदेशी पाहुण्यांचे सी फॉर्म माझ्याहून नीट भरायची.
एका डच म्हाताऱ्याने, वाइनरीहून परतल्यावर,
तिला विचारलं, तू कुठली?
म्हणाली, सध्या काउंटरच्या या बाजूची.

नोंदवहीत रकाना आहे : येण्याचं प्रयोजन.
पर्यटन, व्यवसाय, इतर.
सातपूर-अंबडची कंपनीवाली माणसं व्यवसायात,
द्राक्षांच्या दिवसांत थोडे पर्यटनात.
बाकी आमचं सगळं हॉटेल चालतं इतरवर.
आहेर काका, इतर म्हणजे काय?
बघशील, म्हटलं.

जानेवारी. बोटं पेनाला चिकटतील अशी थंडी.
वाशिमकडचा एक माणूस दारातच थांबला.
हातात तांब्या, तोंडाला लाल फडकं.
आत येईना. असे आत येत नाहीत.
मागच्या भिंतीला आम्ही खिळा ठोकून ठेवलाय,
माहितीपत्रकात त्याचा फोटो नाही.
मी किल्ली शोधत होतो, तोवर ती निघाली.
दहा पावलं.
पाच पावलं.
हसली नाही.
म्हणाली, पोले.

मला ऐकू आलं पोळा.
म्हटलं, जानेवारीत कसला पोळा!
तो माणूस मात्र म्हणाला,
हो ना.
आणि तांब्या या हातातून त्या हातात घेतला.

नंतर चहा घेताना तिने समजावलं.
कुणी ठेचकाळलं, कुणाला सर्दी झाली,
कुणाचं माणूस गेलं, की म्हणायचं पोले.
चूक आपली नसते. माफी नव्हे ती.
तुमच्यात काय म्हणतात?
मी सॉरी बाजूला ठेवलं, अरेरे बाजूला ठेवलं,
जपा, सांभाळा, देवाची मर्जी,
चहा निवला.
आमच्यात, म्हटलं, आम्ही गरम पाणी किती वाजता ते सांगतो.
ती इतकी हसली की वॉचमन बघायला आला.

जूनमध्ये मूल्यमापनाचा कागद आला.
वक्तशीरपणा, टापटीप, संगणक : भरभर दिले.
हसतमुखपणा : दहापैकी सहा.
मॅडमचा फोन आला, एवढे कमी का?
म्हटलं, कधी हसू नये ते तिला कळतं.
म्हणाल्या, त्याला मार्क नाहीत, सर.
सर्टिफिकेट खराब होईल मुलीचं.
खोडून नऊ केले. अजून टोचतं ते.

ती गेली त्या दिवशी मागे कुणी ठोकाठोक करतंय
असं वाटलं, पण मी बिलात होतो.
संध्याकाळी पाहिलं.
अमावास्येला एक खिळा पुरत नाही,
दोन घरची माणसं तांबे हातात धरून
ताटकळत उभी राहतात,
हे मी एकोणीस वर्षं पाहिलेलं,
तिने एका हिवाळ्यात.
जुन्याशेजारी दोन नवे.
हातभर अंतर सोडून,
एकाचं फडकं दुसऱ्याला लागू नये.

कागद अजून माझ्याकडेच होता.
तळाशी शेवटचा रकाना, इतर.
लिहिलं :
खिळे आता तीन.