पालकसभा

रेंज येते ती फक्त नारीन नदीकडच्या तिसऱ्या खिडकीत,
म्हणून पालकसभा तिथेच भरते.
एकेक फोन मी कट्ट्यावर उभा करते,
कुणाला भूगोलाच्या पुस्तकाचा टेकू,
कुणाला खडूच्या डबीचा.
मीरगुलच्या फोनला कशाचाच टेकू पुरत नाही,
तिचा मुलगाच तिला धरून उभा राहतो.

पटावर चोवीस मुलं.
सोळा घरांतलं कुणी ना कुणी रशियात.
कुणी फरश्या पुसतं, कुणी गोदामात खोकी उचलतं,
कुणी काय करतं ते घरी सांगितलेलं नाही,
मीही विचारत नाही.
इथे संध्याकाळचे सात, मॉस्कोत चार.
"उरका लवकर, एजे, सुट्टी पंधरा मिनिटांची."

बाकांवर आजोबा मंडळी,
गुडघे आत मावत नाहीत म्हणून आडवी बसलेली,
डोक्यावर नमद्याच्या उंच पांढऱ्या टोप्या.
मागच्याला फळा दिसत नाही.
तो म्हणतो, मला तेव्हाही दिसत नव्हता.

विषय एकच. उत्तरेकडची भिंत.
पहिल्या हिवाळ्यात तडा केसाएवढा होता,
आता एर्कीन त्यात पेन्सिली ठेवतो.
जिल्ह्याला तीन अर्ज केले, तिन्हींची पोच आली.
त्या पोचपावत्या मी तड्यात कोंबल्यात,
वारा थोडा अडतो.

मग सगळे गप्प.
सगळे गप्प झाले की फोन ऐकू येतात:
कुठे नळ वाहतोय, कुठे लिफ्टचं दार,
कुठे कुणीतरी रशियनमध्ये कुणालातरी झापतंय.

तेव्हा तोलोगोन बोलला, नुर्जिगितचा बाप.
तीन वर्षांत एकदाही बोलला नव्हता.
नारिंगी हेल्मेट, पाठीमागे विटांची थप्पी.
"तडा केवढा?"
फोन उचलून मी भिंतीकडे निघाले,
चौथ्या पावलाला तो तोंड उघडं ठेवून गोठला.
परत आणून खिडकीत ठेवला.
मग नुर्जिगित पळत गेला, भिंतीला हात लावत लावत,
परत आला.
"नऊ वीत."
"कुणाची वीत?"
"माझी."
"पट्टीवर ठेव."
पोरानं पट्टीवर पंजा ताणला, पट्टी खिडकीत धरली.
"सतरा," तो म्हणाला.
तिकडून काहीच आलं नाही.
मला वाटलं, रेंज गेली.
मग तोलोगोननं हातमोजा काढला, नाक पुसलं.
"सतरा. बरं. सतरा नवं दीडशेवर तीन."

मग भराभर सांगत गेला, मी लिहून घेत गेले:
आधी खरवडा. जुनी माती सगळी काढा, दया दाखवू नका.
एक सिमेंट, चार रेती.
रेती नदीची धुतल्याशिवाय वापरायची नाही.
रात्री पोती पांघरा, नाहीतर गारठ्यात मेहनत पाण्यात.
"इथेही शाळाच बांधतोय," मधेच म्हणाला,
"तीन मजली. आत पोहायचा तलाव आहे."
कुणी काही बोललं नाही.
टोप्या जरा हलल्या.

"रेती मी आणतो."
दाराशी कूबात. मूल ना बाळ.
त्याला कुणी बोलावलंही नव्हतं,
शेगडीच्या उबेला आलो होतो म्हणाला.
शेगडी तर दुपारीच विझली होती.

मी म्हटलं, हात वर करा.
बाकांवर आठ.
कूबातचा हात वर जाऊन अर्ध्यात थांबला,
मला मत आहे का, असं बघत राहिला.
मी मोजला.
खिडकीत अकरा हात, त्यातला एक रबरी मोज्यातला, फेसानं माखलेला.
मीरगुलच्या मुलानं सरळ आईच उचलून धरली.

मग एकेक फोन मालवला.
काचेत उरली फक्त नदी, तीही अंधारात.

सकाळी नुर्जिगित माझ्या टेबलाशी आला.
रात्री पुन्हा मोजलं म्हणाला, नीट, अंगठा ताणून.
सतरा नाही, साडेसतरा.
म्हणजे भिंतीचा हिशोब चुकला का, एजे?
मी म्हटलं, थोडासा.
"बाबाला कळवू नका," तो म्हणाला.
"रविवारी मीच सांगणार आहे."