खटके

अकरा खटके ओढले तरी
नार्व्याच्या धक्क्यावर गाडी मागे सरायची,
हळू, न सांगता,
सभेतून एखादी बाई उठून जाते तशी.
मी ब्रेकवर पाय दाबून बसायची.
फेरीबोटीवरून सगुण ओरडायचा,
"बाई, लाकूड लावूं?"
आणि माझ्या उत्तराआधीच चाकामागे लाकूड सारायचा.

सत्त्याण्णवची मारुती. डिचोलीच्या डॉक्टरांनी
विकताना सगळं सांगितलं होतं,
हॉर्नचं, डाव्या काचेचं,
पावसाळ्यात दार आतून कसं ढकलायचं तेसुद्धा.
हँडब्रेकचं तेवढं नाही.
त्यांचं घर सपाटीवर होतं.

माझी शाळा दिवाडीच्या चढावर.
मुलं नऊ, आणि कुंपणातून निखळलेला एक चिरा.
फळ्याच्या कोपऱ्यात मी तारीख लिहायची,
तिच्याखाली मुलं लिहायची:
आज दगड – आणि एक नाव.
त्या नावाने चिरा दोन्ही हातांनी उचलून
मागच्या चाकाखाली ठेवायचा.
नऊ दिवसांतून एकदा येणारं काम.
ताप असला तरी त्या दिवशी कुणी घरी राहिलं नाही.

पण माशेलला नणंदेच्या दारात
माझी मुलं नसतात.
आम्ही आत चहा घेत होतो तेव्हा
गाडी एकटीच उतरून
तिच्या अबोलीच्या वाफ्यात जाऊन थांबली.
नणंद काही बोलली नाही.
तेच जास्त लागलं.

इनास मिस्त्रीने पुढच्या चाकांना ओंडके लावले,
मागून जॅक चढवला.
मी म्हटलं, केबल ताणून द्या,
मागे एकाने तसंच केलं होतं.
"ताणतात सगळेच," तो म्हणाला.
"केबल नुसता निरोप नेते, बाई.
धरणारे खाली असतात."

ड्रम निघेना.
तेल सोडलं. दोन उंडे खाल्ले, वाट पाहिली.
मग लाकडी हातोडीने गोल फिरत ठोके,
दार उघडत नसलेल्या शेजाऱ्याला हाक मारावी
तसे, फार जोरात नाही.
आतली काळी भुकटी फुंकायची नाही म्हणाला,
ओल्या फडक्याने टिपली.
शू काढून उन्हात धरला.
झिजला नव्हता.
गुळगुळीत झाला होता, काचेसारखा,
बोट फिरवलं तर बरं वाटावं इतका.
"हेंच वायट," इनास म्हणाला,
आणि पॉलिश पेपरने घासत बसला
तो पुन्हा खरखरीत होईपर्यंत.

अ‍ॅडजस्टर एकाच दातावर अडकलेला,
कधीपासून कोण जाणे.
सुटला तेव्हा इनासच्या तोंडून "जेजू" निघालं.
केबलचा नट अगदी शेवटी, दोनच आटे.

ओढा आता.
एक, दोन, तीन, चार, पाच.
सहावा येईना.

सोमवारी सगुण लाकूड घेऊन आला.
नको म्हटलं, तरी त्याने
खांदा लावून गाडी ढकलून पाहिली.
मी ब्रेकवरून पाय उचलला
आणि तो कुठे ठेवावा कळेना.
नदी ओलांडेपर्यंत तो तसाच, पाहुण्यासारखा.

पलीकडे गाडी हलेना.
इंजिन कण्हतंय, मागे मासळीची रिक्षा भोंगा वाजवतेय,
कुठून तरी जळका वास,
आणि सगुण दोन्ही हात वर करून:
"हँडब्रेक सोड गो बाये!"
अकरा वर्षं तो ओढलेला राहिला
तरी गाडी निघायची.

शाळेपाशी साईश उभा होता
चिरा पोटाशी धरून. शर्टाला लाल माती.
सांगायला मी तोंड उघडलं होतं.
पाच खटके ओढले, उतरले.
"लाव," म्हटलं.

त्याने लावला, दोन पावलं मागे सरला,
रोज टेकते तशी गाडी टेकायची वाट बघत.
घंटा झाली म्हणून आत आला.

मधल्या सुट्टीत तो पुन्हा तिथेच,
चाकाजवळ उकिडवा बसलेला.
"बाई," म्हणाला,
"आज मधे बोट जातं."