भुलीची सिस्टर

कागदावर मी अधिपरिचारिका.
वेंगुर्ल्याच्या बाजारात मात्र,
'ती गो, भुलीची सिस्टर.'

शब्दच असा आहे आपला.
भूल देतात. भूल पडते. भूल होते.
ती तिसरी होऊ नये म्हणून
सकाळी सातला मी सिरिंजांना पट्ट्या चिकटवते,
निळ्या पेनाने नावं लिहिते,
आणि लिहिलेलं पुन्हा मोठ्याने वाचते
रिकाम्या थिएटरात, वेड्यासारखी.

ओरोसला सहा महिने शिकले.
पहिले पंधरा दिवस रबराचं डोकं.
करंगळी जबड्याच्या कोनाखाली,
अंगठा मास्कवर.
मागून डॉक्टर नफीसा मुकादम,
'मास्क चेहऱ्यावर दाबू नकोस,
चेहरा मास्ककडे आण.'
हे वाक्य इतकं आवडलं
की रात्री फोनवर नवऱ्याला सांगितलं.
तो म्हणाला, गॅस सिलिंडर संपलाय.

रबराचं डोकं कधी घाबरलं नाही.
पहिलं खरं डोकं खोबरेल तेलाचं,
हनुवटी हातातून निसटत होती,
आणि केसांत अबोलीचं एक फूल
काढायचं राहून गेलेलं.

पिशवी दाबताना बोटांना कळतं म्हणतात
आत छाती कशी आहे ते.
मला वाटलं, हे तर आमच्या घरचंच.
बाबा गरीचा दोर तर्जनीवर घेऊन बसायचे,
पाण्याखालचं सगळं त्या बोटाला ठाऊक.
मी हौसेने सांगायला गेले.
ते जाळं शिवत होते, मान वर केली नाही.
'मी दोर धरतंय मासो मारूक.
तुजा उलटा.'

द्वारका तारी, वय बावन्न.
पिशवीचं ऑपरेशन.
पाट्या वाहून वाकलेल्या कण्यात
सुई दोनदा गेली, लागली नाही.
मग पूर्ण भूल द्यायचं ठरलं.
टेबलावर तिने माझं मनगट धरलं,
'अंगणात बांगडे सुकत घातलंय गो.
कावळे नेतले.'
मी म्हटलं, मोज.
एक नाही म्हणाली ती.
लाभ, म्हणाली, पहिल्या गिऱ्हाइकाला म्हणावं तशी.
दोन.
तीन.
चार
आणि तोंड तसंच थोडं उघडं.

दहा वीसला लाईट गेली.
जनरेटर दोनदा खोकला, गप्प बसला.
लवू डिझेलला धावला,
कुणाच्या तरी मोबाईलचा उजेड जखमेवर धरला गेला.
तिची पिशवी सर्जनच्या हातात,
माझ्या हातात दुसरी, काळ्या रबराची.
दाब. सोड.
मुकादम मॅडम नाडीवर बोट ठेवून
एवढंच म्हणाल्या, 'घाई नको.'
दाब. सोड.
एकोणीस मिनिटं, नोंदवहीत आहेत.
तिचे श्वास घेता घेता
माझा घ्यायचा राहत होता,
मग मध्येच एक मोठा, चोरून.

लाईट आली तेव्हा कुणी काही बोललं नाही.
माझ्या हाताची मूठ उघडत नव्हती,
मी ती गाऊनमागे लपवली.

'द्वारकाबाई, डोळे उघडा. जीभ दाखवा.'
जीभ दाखवली.
मग घोगऱ्या आवाजात,
'कावळे इले?'

तीन महिन्यांनी, बुधवारी, मासळी बाजार.
तोंडावर मास्क नाही, डोक्यावर टोपी नाही,
तिने मला ओळखायचं कारण नव्हतं.
मी भाव पाडून मागितला,
तिने माझ्या सात पिढ्या काढल्या,
शेवटी तीनशेला सहा ठरले.
'ताजे आसत, डोळे बघ.'
मी तिचेच बघत होते.
तिने पाटीत हात घातला.
लाभ.
दोन.
तीन.
चार.
तिथे ती थांबली,
शेजारणीला काहीतरी ओरडून सांगायला.
बांगडा हातातच.
माझी बोटं पिशवीच्या बंदावर वळली,
दाब, सोड,
बाजार चालू होता, माशा घोंगावत होत्या,
कुणीतरी बर्फ फोडत होतं.

पाच, म्हणाली ती.