डाव्या खिशातली चावी

साडेनऊला मशिनी थांबतात.
कूलरही बंद करतो, शब्द नीट यावा म्हणून,
महालातल्या मे महिन्यात, वीस मिनिटं.

आज मुनीमने थोरल्याला चावी दिली,
पण उजव्या खिशातली.
"मंग डाव्यात कोनती हाय?" छबूताई म्हणते,
ओवायचा दोरा ओठांत तसाच धरून.
तिच्या मते तो धाकट्याचा माणूस,
गिरणी जळाली त्या रात्री
त्याच्या चपला ओल्या होत्या.
ममता निखारे म्हणते, ओल्या होत्या कारण आग त्यानंच विझवली.
"काहून विझवन वं तो? पगार कोन देते त्याले?"
इतवारीहून अस्तर घेऊन आलेला पोरगाही
दारातच टेकतो : पहा ना,
तो चहा कोणाच्याच घरचा पीत नाही.

तीन वर्षं झाली. कॅमेरा तोंडाजवळ गेला
की तो चष्मा पुसतो.

"तू काही बोलत नाहीस वं?"

माझ्या पर्समध्ये धरमपेठेतल्या बुटिकचं कार्ड आहे,
मागे पेनानं लिहिलेला आकडा,
एक तारखेपर्यंत कळवा.
पंधरा दिवस मी इथलेच ब्लाऊज शिवते आहे,
जरा जास्तच नीट. हुक दोनदा ओढून पाहते.

"त्याचं त्यालेच ठरलं नसन," मी म्हणते.
"हॅट्, असं असते काय कुठी?" ममता.

जाहिरात लागते. कूलर घरघरतो.
छबूताई माझ्याकडे पाहत राहते,
मग चष्मा काढून
पदराने पुसायला लागते.