फॉर्मवरचा तिसरा प्रश्न

'आपण प्रसूतिसेवेत का आलात?'
खाली दोन ओळी मोकळ्या.
रात्रीचे दोन वाजून गेलेत.
चार नंबरच्या खाटेवरची अजून चार सेंटिमीटरवरच आहे.
पेन आहे, वेळ आहे,
उत्तर तेवढं येत नाही.

लिहू का, की वडील जॉबर होते?
शेडच्या भिंतीला लागून आमची खोली,
पलीकडे चोवीस माग.
जेवताना घास हातातच थांबायचा त्यांचा :
'सात नंबर लंगडतोय.'
आम्हाला नुसता खडखडाट.
ते उठून जायचे, आणि खरंच
सात नंबरचा धोटा अडलेला असायचा.

आता माझ्याकडे मशीन आहे, तरी मी आधी नळीच टेकवते.
एकशे चाळीस. एकशे अडतीस.
कळ येते, ठोका मागे पडतो,
परत येतो.
एखाद्या रात्री येत नाही,
तेव्हा मीही म्हणते, लंगडतंय,
डॉक्टरांना उठवा.
पण हे कारण नव्हे. हे नंतर कळलं.

मग नरसव्वा लिहू?
दिवसाला हजार विड्या वळणारी,
रात्री गल्लीतल्या बाया सोडवणारी.
मी अकरा वर्षांची, बॅटरी धरायला बोलावलेली.
वीज गेली आणि चोवीसच्या चोवीस माग एकदम गप्प.
एवढी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती,
आपण बहिरे झालो असंच वाटलं.
नरसव्वा बाईला तेलुगूत रागवत होती,
बाळाला मराठीत विनवत होती.
तीनदा धुतलेल्या हातांना तरीही तंबाखूचा वास.
माझी बॅटरी हलली, उजेड वर गेला.
'तोंडावर नको मारू की गं,' ती म्हणाली,
'तेवढं तरी तिचं तिला असू दे.'

आणि नेमकी तेव्हाच वीज आली.
माग सुरू झाले.
बाळाचं रडणं मी पाहिलं,
उघडं तोंड, ताठ जीभ, मुठी.
ऐकू काहीच आलं नाही.
ते ऐकायचं राहिलं म्हणून आले का मी इथे?
असं फॉर्मवर लिहितात का?

बाहेर बाकावर बसलेल्यांचं कुठे लिहू?
सासू विचारते, काय झालं?
मी म्हणते, आधी विचारा, ती कशी आहे.
नवऱ्याला कामाला लावते. पाचव्या दिवशी पाणी येतं,
घागरी तू भरायच्या, महिनाभर,
तिने वाकायचं नाही. तो हो म्हणतो.
निम्मे तरी भरत असतील.

इरण्णा बिराजदार टॉवेलच्या कारखान्यात होता.
सातव्या महिन्यातलं. रडलंच नाही.
त्यानं पिशवीतून स्वतः विणलेला टॉवेल काढला,
म्हणाला, 'सेकंडचा माल आहे, सिस्टर,
एक धागा सुटलाय. चालेल ना?'
चालेल म्हटलं.
मोठ्या सिस्टर म्हणत होत्या, आईला दाखवू नका.
मी दाखवलं.
तिनं बोटं मोजली, पायाचीसुद्धा,
मग सुटलेल्या धाग्यावरून अंगठा फिरवत राहिली.
रजिस्टरमध्ये याला रकाना नाही.
अजून इरण्णा अशोक चौकात दिसला
की हँडल सोडून हात करतो.

तीन वाजले.
मी लिहिलं : 'घराजवळ नोकरी मिळाली म्हणून.'
खोटं नाही. चालत बारा मिनिटं.
दुसरी ओळ तशीच ठेवली.

चार नंबर कण्हतेय.
कळ आली की तिची बोटं आपोआप
हवेत पान वळतात.
जाता जाता तिच्या डोक्यावरची ट्यूब बंद करते.
पायाकडची पुरेल.