वाजती जोडी

कापशी म्हणजे आधी आवाज, मग चप्पल.
गिऱ्हाईक दिसायच्या आधी त्याची चाल यायची
सुभाषनगरच्या बोळात, करर्, करर्,
आणि मी मान वर न करता म्हणायचो,
"या गडहिंग्लजकर, टाच झिजली न्हवं?"

तळाच्या दोन थरांत विंचवाच्या बिया किती घालायच्या
ते हाताला ठाऊक.
वाजतंय का, ते कानाला.

कान कधी गेला कळलं नाही.
आधी टिटवी गेली, मग कुकरची शिट्टी,
मग नातीचं बोलणं.
बारीक आवाज आधी जातात, म्हणाला सीपीआरमधला डॉक्टर,
म्हणजे मोठ्यानं म्हणाला,
बाहेरच्या बाकड्यावरची माणसं वळून बघायला लागली.

तालमीच्या कट्ट्यावर सगळे हसले की मी हसायचो,
एक घोट उशिरा.
व्हय व्हय म्हणायचो.
असाच एकदा हसलो
तर म्हादबाच्या भावाची मयत सांगत होते.
तेव्हापासनं त्या अंगाला जात नाही.

मशीन आणलंय. डबीत आहे, रापीशेजारी.
घातलं की पंखा, पिशवी, माझंच चावणं,
सगळं एका मापाचं.
माणूस तेवढा येत नाही त्यातनं.

पण जोड्या जात होत्या चप्पल लाईनला,
एकही परत आली नाही.
मी म्हणायचो, हाताला कान फुटलेत.

परवा पहाटे नळाला पाणी आलं म्हणून उठलो.
मागल्या दारी अंजाक्का, पदर खोचून,
पायात माझी कालची जोडी, दहा नंबर,
फरशीवर येरझाऱ्या घालत होती.
थांबली. एक पाय पुन्हा टेकवून बघितला.
ती जोडी डावीकडं सारली, दुसरी घातली.

डावीकडं तीन होत्या.
त्या बाळकूकडं जातात, उसवून परत शिवायला,
हे मागनं कळलं.
दोन वर्षं.

आधी रागच आला, खोटं कशाला बोलू.
तिनं बघितलं. तोंड हललं, बरंच काही हललं,
त्यातलं "थंडी" तेवढं ओठांवर वाचता आलं.

मी खाली बसलो, फरशीवर तळवा टेकला.
"चाल," म्हटलं.
लाजली ती, सदुसष्टाव्या वर्षी, दहा नंबरात.
मग चालली.

हाताला थरथर आली थोडी,
बहुतेक तिच्या वजनाचीच.
मी तिच्या तोंडाकडं बघत राहिलो.
तिनं मान हलवली,
उजवीकडं बोट केलं.